लिंबावरचे लंगोट

राजेंद्र साळवे आमच्या कंपनीत पॅकिंगला होता. वाळूजला आमची मोटारींचे सुटे भाग करणारी कंपनी आहे. मी हिशेब विभागात आहे आणि आता माझ्या निवृत्तीला फार दिवस उरलेले नाहीत. राजेंद्रचं काम असं की, तयार झालेला भाग पिशवीत घालायचा, ती पिशवी फुग्याफुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायची, ते गाठोडं खोक्यात बसवायचं आणि खोक्याला वरून पुन्हा प्लास्टिकचा पापुद्रा चढवायचा. हे तो बरीच वर्षं मुकाट्याने करत होता. एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "साहेब, आज मी एका नटला तीन पिशव्या घातल्या. थंडीत माझ्या अंगावर दोनच कपडे असतात."

त्यानंतर महिन्याभरात त्याने नोकरी सोडली. एक जुनी ट्रॅव्हलर गाडी घेतली आणि लहान मुलं असलेल्या कुटुंबांना शनिवार-रविवार रानात मुक्कामाला न्यायचा उद्योग सुरू केला. लोक त्याला कॅम्पिंग म्हणतात, राजेंद्र मुक्कामच म्हणतो. त्याच्या मुक्कामाचा नियम एकच आहे. आपण गेल्यावर तिथं आपण आलो होतो हे कुणाला कळता कामा नये. म्हणजे प्लास्टिक नाही, थर्माकोल नाही, पुडे नाहीत, बाटल्या नाहीत, आणि तान्ह्या मुलांना ते विकतचे डायपरही नाहीत. त्यांच्याऐवजी कापडी लंगोट, आणि ते राजेंद्रच्या घरून मिळणार.

हे लंगोट हा त्याच्या आईचा, केसरबाईंचा, प्रांत. मुकुंदवाडीच्या त्यांच्या घरातून आजवर कुठलीही वस्तू बाहेर फेकली गेलेली नाही. तेलाच्या डब्यात तुळस असते. फुटक्या बादलीत कांदे असतात. लुगडं जुनं झालं की त्याची गोधडी होते, गोधडी विरली की पायपुसणं होतं, आणि पायपुसण्याचं शेवटी काय होतं ते मी विचारलेलं नाही. राजेंद्र म्हणतो, पर्यावरण वगैरे मला कळत नाही, मी फक्त आईच्या घरासारखं वागतो. तर या केसरबाईंनी आपली जुनी लुगडी फाडून शेकड्याने लंगोट शिवले. हिरवे, लाल, पिवळे, जांभळे, काहींना काठ, काहींच्या काठाला थोडी जर शिल्लक. धुऊन धुऊन कापड लोण्यासारखं झालेलं. प्रत्येक लंगोटाला बांधायला दोन लांब बंद. मी पाहिलेले ते सर्वांत देखणे लंगोट होते, आणि पुढचा सगळा घोटाळा त्या देखणेपणानेच झाला.

या डिसेंबरात माझी मुलगी तनुजा आणि तिचा सहा वर्षांचा मुलगा ऋतुराज राजेंद्रच्या मुक्कामाला जाणार होते. जावई दौऱ्यावर, म्हणून सोबत मी. आणखी तीन-चार कुटुंबं होती आणि सगळ्यांची मिळून इतकी लहान मुलं होती की, गाडीत बसल्यावर कुठलं कुणाचं हे ठरवण्याचा नाद मी सोडून दिला. राजेंद्रची बायको सुलेखा पुढच्या सीटवर होती. तिच्या मांडीवर त्यांचा वर्षाच्या आतला मुलगा, सुगत. त्याला दोन दात आले होते आणि ते तो ज्याला त्याला लावून बघत होता.

जळगाव रस्त्याला लागण्याआधी राजेंद्रने गाडी बाजूला घेतली आणि झडती सुरू केली. दर वेळी करतो. पालक हसतात, नाही नाही म्हणतात, आणि मग एकेका पिशवीतून माल निघायला लागतो. तनुजाच्या उशीपाशी तो थांबला. उशी दोन्ही हातांत घेऊन त्याने डॉक्टर पोट तपासतात तशी दाबून पाहिली.

"ताई, उशी कुरकुरतेय."

"जुनी आहे ती," तनुजा म्हणाली.

"कापसाची उशी कितीही म्हातारी झाली तरी बोलत नाही ताई."

अभ्र्यातून वेफर्सचे पुडे निघाले. एका गृहस्थांच्या बुटातून चॉकलेटं निघाली. एका आजींनी तर सरळ मान्य केलं की, चिवड्याची पिशवी त्यांच्या पोटाशी बांधलेली आहे आणि ती हवी तर स्वतः काढून घ्या. राजेंद्रने ती मात्र तशीच राहू दिली. बाकी सगळं पत्र्याच्या पेटीत बंद झालं, परत येताना मिळेल या बोलीवर.

रस्त्यात मुलांनी चौक्याच्या घाटापासूनच "आलं का" म्हणायला सुरुवात केली. राजेंद्र "थोडं राहिलं" असं कधीच म्हणत नाही. तो झाड सांगतो. ती वाकडी बाभूळ गेली की एक मोठी चिंच येईल, चिंच आली की सांगतो. मुलं खिडकीला नाक लावून चिंच शोधतात. फुलंब्री मागे पडेपर्यंत एकाही मुलाने मोबाइल मागितला नाही, दोन मुलांनी मात्र उलटी केली. त्यासाठी कडुलिंबाच्या पाल्याने भरलेला डबा तयारच होता.

सिल्लोडच्या अलीकडे आत वळून गाडीवाटेने गेलं की सर्जेरावांचं वावर लागतं. मका काढून झालेला होता. कडेला कपाशी, पलीकडे विहीर, आणि वाटेच्या कडेला बांधावर एक मोठा लिंब. म्हणजे कडुलिंबच, पण तिकडे लिंबच म्हणतात. लिंबाखाली बांधाची खूण म्हणून पुरलेला एक गुबगुबीत दगड. सर्जेराव पांढरी टोपी घालून, हात मागे बांधून उभे होते.

त्यांनी रामराम केला आणि लगेच मुद्द्यावर आले. मागच्या हिवाळ्यात दुसरीच कुठली तरी मंडळी इथं चूल मांडून गेली होती. त्यांनी टाकलेल्या पिशव्या सर्जेरावांच्या गायीने खाल्ल्या. गाय फुगली, डॉक्टर आले, पोट फाडावं लागलं. गाय वाचली, पण सर्जेरावांचा माणसांवरचा विश्वास त्या पोटातून जे निघालं त्याच्यासोबत गेला. केवळ राजेंद्रने चार वेळा येऊन विनवणी केली म्हणून त्यांनी औंदा एकदा परवानगी दिली होती.

"साळवे, उद्या ऊन चढलं की मी चक्कर मारणार," ते म्हणाले. "एक पन्नी दिसली, साधा कागूद दिसला, तर परत इकडं गाडी आणायची नाय."

राजेंद्र व्हय म्हणाला. त्याला दुसरी जागा उरली नव्हती. जंगल खातं रात्री राहू देत नाही, शेतकरी भितात, आणि रिसॉर्टवाल्यांकडे गेलं तर ते पाण्याच्या बाटल्यांनीच स्वागत करतात. हे वावर गेलं तर गाडी दारात उभी राहणार आणि राजेंद्र पुन्हा नटांना पिशव्या घालायला जाणार, हे त्याने मला रस्त्यातच सांगितलं होतं. सांगताना तो हसत होता, पण सुलेखा हसत नव्हती.

दुपार फार छान गेली. तंबू उभे राहिले. राख आणि खुरपं ठेवून आडोशाचा संडास तयार झाला, आणि मुलांना तो इतका आवडला की गरज नसताना रांग लागली. मग राजेंद्रने मुलांना रंग करायला शिकवलं. पळसाच्या वाळक्या पानांच्या पत्रावळी, चिंचेच्या काड्यांचे ब्रश, आणि रंग घरचे. कोळशाचा काळा, पालकाचा हिरवा, हळदीचा पिवळा. त्यातच सर्जेरावांच्या सालगड्याने तंबाखूच्या चंचीतला चुना काढून दिला. हळदीत चुना कालवला की लालभडक रंग होतो. मुलं वेडी झाली. हळद संपेपर्यंत लाल रंगच केला गेला. एवढा रंग लावायचा कशाला, तर लिंबाखालचा तो गुबगुबीत दगड समोर होताच. सगळ्यांनी मिळून तो वरपासून खालपर्यंत लाल केला. ऋतुराजने कोळशाने त्याला मोठाले डोळे काढले आणि मिश्या काढल्या. त्याचं नाव ढब्बू असं ठेवण्यात आलं. यात कुणालाही काही वावगं वाटलं नाही. मलाही वाटलं नाही, आणि कागदावर सही करण्याआधी पाठपोट तपासणारा मी माणूस आहे.

संध्याकाळी सुलेखाने लंगोट धुतले. तान्ही तीन होती आणि तिघांनीही आळस केला नव्हता. वाळत घालायला दोरी आणली होती, पण त्या दोरीचा मुलांनी झोका केला होता आणि तो सोडायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा सुलेखाने लंगोटांचे बंद लिंबाच्या खालच्या फांद्यांना बांधले. वारा होता, म्हणून गाठी पक्क्या मारल्या. हिरवे, लाल, पिवळे, जरीच्या काठाचे लंगोट ओळीने फडफडायला लागले.

सकाळी मी तंबूबाहेर आलो तेव्हा धुकं होतं. ढब्बूपुढे एक नारळ होता. नारळ पन्नीत, म्हणजे प्लास्टिकच्या पिशवीत होता. शेजारी उदबत्त्या जळत होत्या आणि त्यांचं रिकामं पाकीट तिथंच पडलेलं होतं. जरा पलीकडे एक अगदी वाकलेली म्हातारी काठी टेकत वाटेने परत चालली होती. राजेंद्र लिंबापाशी उभा होता. तो तिच्याकडे बघत होता, मग नारळाकडे बघत होता.

"सर्जेरावांच्या आई आहेत या. चतुराबाई," तो हळूच म्हणाला. "साहेब, हे काय झालं?"

काय झालं ते मला तोवर दिसलं होतं. वाटेने जाणाऱ्याच्या नजरेने पाहिलं तर लिंबाच्या झाडाखाली लाल दगड, त्याला डोळे आणि मिश्या, आणि झाडाला जरीकाठी फडकी गाठी मारून बांधलेली. आमच्या भागात नवस बोलताना झाडाला असंच फडकं बांधतात. लंगोटाला बंद असतात हे खरं, पण धुक्यात ते कोण बघतो.

त्या दिवशी जवळच्या गावचा बाजार होता आणि कपाशीची वेचणीही चालू होती, त्यामुळे वाटेवर वर्दळ. कापूस वेचायला निघालेल्या बाया थबकल्या. एकीने नमस्कार केला म्हणून दुसरीने केला. एकीने डबा उघडून भाकरीचा तुकडा ठेवला. बाजाराला निघालेले एक बाबा पेढ्यांची डबी घेऊन परत आले. अर्ध्या तासात ढब्बूपुढे उदबत्त्यांची पाकिटं, कापराच्या पुड्या, पेढ्यांची प्लास्टिकची डबी आणि पन्न्या अशी गर्दी झाली. आमच्या मुक्कामाने आदल्या दिवसापासून कागदाचा कपटाही निर्माण केला नव्हता, आणि आता गायीला पुरून उरेल एवढा ऐवज जमला होता.

मुलं मात्र खूश होती. ढब्बूच्या मागे बसून ती आलेला प्रसाद खात होती. एका बाईने ऋतुराजला विचारलं, बाळा, हा देव कोणता रे. तोंडात पेढा असल्यामुळे त्याला खोटं सुचलं नाही. तो म्हणाला, ढब्बू. ती बाई मागच्या बाईला म्हणाली, ढब्बूबाबा हाय. पुढे ते नाव बाजारापर्यंत आपोआप गेलं.

राजेंद्रने पाकिटं उचलायला सुरुवात केली. बायांनी त्याला हटकलं, देवापुढचं उचलू नये म्हणाल्या. त्याने सांगितलं की, मावशी, हा देव नाही, हा पोरांनी रंगवलेला दगड आहे. मावशी म्हणाल्या की, सगळे देव आधी दगडच असतात. त्याने सांगितलं की, ही फडकी नाहीत, आमच्या लेकरांचे लंगोट आहेत. यावर त्या बाईने आधी ढब्बूच्या पाया पडून माफी मागितली, राजेंद्रच्या वतीने.

मी त्याला बाजूला घेऊन सोपा मार्ग सुचवला. म्हटलं, एवढं कशाला, सांगून टाक की या देवाला प्लास्टिक चालत नाही. सगळ्या आपापल्या पन्न्या घरी नेतील. माझ्या मते ही सूचना निर्दोष होती. राजेंद्रने मान हलवली. त्याच्या घरात दगडापुढे कुणी कधी हात जोडलेले नव्हते, आणि एवढ्यासाठी आता देवाच्या नावाने बोलणं त्याला पटत नव्हतं.

"पोरं ऐकतायत साहेब," तो म्हणाला. "आणि आज मी त्याला प्लास्टिक चालत नाही म्हणालो आणि उद्या कुणी म्हणालं की त्याला साळवे चालत नाही, तर मी काय करू?"

मग त्याला वाटलं, रंग धुऊन टाकावा. त्याने विहिरीवरून कळशीभर पाणी आणलं आणि ढब्बूच्या डोक्यावर ओतलं. हळदीचुन्याचा रंग ओला झाल्यावर आणखीच तेजस्वी दिसतो ही गोष्ट त्याने लक्षात घेतली नव्हती. बायांच्या तोंडून समाधानाचा आवाज निघाला. कुणी तरी हात जोडले. त्यानंतर प्रत्येकीला पाणी घालायचं होतं, आणि कळशी एकच होती, त्यामुळे रांग लावण्याचं कामही राजेंद्रवरच आलं.

"आईला सांगू नका," तो माझ्याजवळून जाताना पुटपुटला.

एवढ्यात सुलेखा तिथं आली. तिच्या कडेवर सुगत होता, वर स्वेटर आणि टोपी, खाली काहीच नाही. तिन्ही तान्ह्यांनी सकाळ आपापल्या परीने साजरी केली होती आणि आणलेले बाकीचे सगळे लंगोट झाडावर होते. ती एक लंगोट सोडायला गेली तर दोन बायांनी तिचा हात धरला. बांधलेलं सोडू नये ताई, ज्यानं बांधलं त्याचं काम होत नाय.

"मीच बांधलंय हो," सुलेखा म्हणाली. "आणि माझं काम झालंय, वाळलाय तो, म्हणूनच तर हवाय."

त्या काही सोडेनात. सुलेखाने राजेंद्रकडे वळून सांगितलं की, देवाचं तुम्ही सावकाश बघा, पण लंगोट आत्ता पाहिजे, कारण सुगतच्या चेहऱ्यावरचा भाव तिला ओळखीचा वाटत होता.

सर्जेराव आले ते याच वेळी. ऊन अजून चढलेलं नव्हतं, पण ढब्बूबाबाची बातमी त्यांना बाजाराच्या वाटेवरच लागली होती. त्यांच्यामागून काठी टेकत चतुराबाईही आल्या आणि ढब्बूशेजारी बसल्या. बाया बाजूला झाल्या. सर्जेरावांनी दगड पाहिला, झाड पाहिलं, पायाखालच्या पन्न्या पाहिल्या. त्यांचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग ढब्बूच्या रंगावर गेला.

"माझ्या बांधावर देव कोणी बसवला?" ते म्हणाले. "अरे, आज नारळ हाय, उद्या सभामंडप म्हणतील. परवा जत्रा. मी वावर पेरू कुठं, आकाशपाळण्यात?"

त्यांचं खरंच होतं. बांधावर एकदा देव बसला की शेतकऱ्याचा बांध राहत नाही. राजेंद्र पुढे झाला. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. कुणाची परवानगी न विचारता लिंबावरचा एक लंगोट सोडला, पिवळा, जांभळ्या काठाचा. सुलेखाने सुगतला कडेवरून उतरवून गवतावर निजवलं. राजेंद्रने सगळ्यांसमोर तो लंगोट त्याला लावला. दोन्ही बंद पोटावरून घेऊन कमरेला गाठ मारली. लंगोट असा बसला की, शिंप्याने माप घेऊनही तसा बसला नसता.

मग सुगतने चेहरा गंभीर केला, आणि पिवळा लंगोट मधोमध हळूहळू गडद होत गेला.

पहिल्यांदा त्या माफी मागणाऱ्या मावशीच हसल्या. पदर तोंडात धरून हसल्या, मग पदर सुटला. मग सगळ्याच हसायला लागल्या. एक म्हणाली, अगं बाई, मी तर याला सुनेसाठी साकडं घातलं. दुसरी म्हणाली, मग काय, सुनेला लंगोटच लागत्याल की. पेढेवाले बाबा तेवढे हसले नाहीत. त्यांनी उरलेल्या पेढ्यांचा अंदाज घ्यायला डबी उघडली, आणि ती रिकामी होती. ऋतुराज माझ्यामागे येऊन उभा राहिला.

सर्जेराव मात्र शांत झाले नव्हते. देव गेला, पण कचरा होता. त्यांनी वाकून एक पन्नी उचलली, ती सकाळची पहिली, नारळाची, आणि राजेंद्रसमोर धरली.

"आपलं काय ठरलं होतं साळवे? ही पन्नी कोणाची?"

बाया एकदम आभाळाकडे, कपाशीकडे, आपापल्या पायांकडे बघायला लागल्या. ती पन्नी कुणाची हे राजेंद्रला माहीत होतं आणि मलाही. त्याने एकदा चतुराबाईंकडे पाहिलं. त्या काठीवर हनुवटी टेकून बसल्या होत्या. मुलाला त्याच्याच आईचं नाव सांगायचं, तेही चारचौघींत, हे राजेंद्रच्याने झालं नाही.

"मुक्काम माझा होता मालक," तो म्हणाला. "माझ्या मुक्कामात सापडली, म्हणजे माझीच."

सुलेखाने डोळे मिटून घेतले. सर्जेराव म्हणाले, मंग झालं तर, गाडी भरा. ते वळले. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला.

"गप रे सर्जा," चतुराबाई म्हणाल्या. "पन्नी माझी हाय. तूच आणली परवा, गुळाची."

सर्जेराव म्हणाले, आई, तू कशाला मधे पडतीस. त्या म्हणाल्या, मधे कशाला, मीच पयली होते. नियम काय तुझा, ज्याची पन्नी त्याला वावरात पाय नाय. तर मंग मी जाते.

"कुठं जातीस?"

"बजाजनगरला. शिवराजकडं."

शिवराज हा सर्जेरावांचा मुलगा. बजाजनगरला राहतो, वाळूजला नोकरी करतो. त्याचं नाव निघाल्यावर सर्जेरावांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. मग चतुराबाईंनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की, त्या सकाळी कशासाठी आल्या होत्या. शिवराजची दोन लेकरं वावरात येत नव्हती. त्यांच्या आईला धुळीची भीती, शिवराजला सुट्टीची अडचण. लेकरांना त्यांनी शेवटचं पाहिलं ते केव्हा, हे त्यांना नीट आठवतही नव्हतं. वाटेने जाताना दुरून तंबू दिसले, दुसऱ्यांच्या पोरांचा दंगा ऐकू आला, आणि समोर लाल देव दिसला, म्हणून त्यांनी नारळ ठेवला. माझीबी लेकरं अशी एकदा वावरात येऊ दे, एवढंच मागितलं होतं.

"आता तो देव नाय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "म्हणजे नारळ गेला, आन् पन्नीपायी वावरबी गेलं माझं."

बायांनी सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेरावांनी मागे बांधलेले हात सोडले, ते वाकले, आणि त्यांनी उदबत्तीचं एक पाकीट उचललं. त्याच्या शेजारचं दुसरं उचललं. राजेंद्रने मुलांना नुसती खूण केली. मुलं प्लास्टिक वेचण्यात इतकी तरबेज झाली होती की, त्यांनी एका बाईच्या हातातली चालू पिशवीसुद्धा काढून घेतली. बायाही वाकल्या. जी ती आपलं आपलं घेऊन गेली, आणि वेचणीला उशीर झाला म्हणून कुरकुरत गेली. पेढेवाले बाबा रिकामी डबी घेऊन गेले.

वावर स्वच्छ झाल्यावर सर्जेराव राजेंद्रपाशी आले. त्याच्याकडे न बघता, गाडीच्या टायरकडे बघत बोलले.

"पुढच्या शनिवारी या. तुमच्या गाडीत कोणाकोणाची लेकरं येत्यात. माझी दोघं काहून नाय?"

राजेंद्रने सर्जेरावांकडून नंबर घेऊन तिथंच शिवराजला फोन लावला. मी शेजारी होतो, म्हणून पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं. शिवराजने आधी विचारलं की, आपण कोण. मग विचारलं की, आमच्याच वावरात आम्हाला बुकिंग करावं लागेल का. मग संडासाचं विचारलं. राजेंद्रने राख आणि खुरप्याची पद्धत समजावून सांगितली. शेवटी शिवराज म्हणाला, बघतो.

चतुराबाईंनी हात पुढे करून फोन मागितला.

"बघू नको," त्या फोनमध्ये म्हणाल्या. "ये."

एवढंच बोलून त्यांनी फोन राजेंद्रला परत दिला. पलीकडून शिवराज बऱ्याच हळू आवाजात व्हय म्हणाला, आणि मुलांना काय काय सोबत द्यायचं ते विचारायला लागला. राजेंद्रने पत्रावळी आहेत म्हणून सांगितलं, स्वेटर आणा म्हणून सांगितलं.

आम्ही तंबू आवरून निघालो तेव्हा चतुराबाई वाटेवरच्या आपल्या घराच्या ओट्यावर बसल्या होत्या. पेटीतलं एक हिरवं लुगडं त्यांनी बाहेर काढलं होतं आणि सुलेखाकडून लेकरांच्या लंगोटांचे बंद किती लांब ठेवायचे ते समजून घेत होत्या. त्याचं एक फडकं फाडून झालं होतं, दुसऱ्याला दाताने चीर पाडत होत्या. शिवराजचा मोठा मुलगा पाचवीत होता आणि धाकटी तिसरीत. सुलेखाने सर्जेरावांकडे पाहिलं. सर्जेरावांनी घसा साफ केला, आईकडे एकदा पाहिलं, आणि आत जाऊन तिला कात्री आणून दिली.